नॅरोबोटीवरचा पहिला हिवाळा: शेगडीसाठी परवडणारा कोळसा कुठून आणायचा?

कालवाकाठची | ११ नोव्हेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. सहा वर्षं इथल्या पाककृती वाचून गुपचूप पळून जाणारी मी, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर हलवा.

मी आणि नवरा इंग्लंडमध्ये असतो. घरभाड्याला कंटाळून एप्रिलमध्ये एक जुनी नॅरोबोट विकत घेतली. लांबी ५७ फूट आणि रुंदी ६ फूट १० इंच. चाळीतल्या गॅलरीला दोन्हीकडून पत्रा मारला की जे होईल, ते आमचं घर. ग्रँड युनियन कालव्यावर राहतो. बोट बांधायला कायमची जागा नाही, परवाना फिरत्या बोटीचा, म्हणजे एका जागी १४ दिवसांच्या वर मुक्काम करायचा नाही. नवऱ्याचं ऑफिस मिल्टन कीन्सला, म्हणून आमच्या फेऱ्या स्टोक ब्रुअर्न ते लेटन बझर्ड या पट्ट्यात.

उन्हाळा मजेत गेला. बदकं, सायकली, टपावर वाळत घातलेले पापड (हो, घातले होते, आणि बदकांनी खाल्ले). ऑक्टोबर संपला आणि खरी बोट कळली. सकाळी उठल्यावर तोंडातून वाफ निघते आणि खिडक्यांच्या आतल्या बाजूला पाणी.

ऊब देणारी वस्तू एकच: मॉर्सोची बिडाची छोटी ‘स्क्विरल’. इथे तिला स्टोव्ह म्हणतात, पण मला स्टोव्ह म्हटलं की पिन मारणारी आईच आठवते, म्हणून मी शेगडी म्हणते. लाकूड आणि कोळसा दोन्ही चालतं.

अडचण पैशाची. आमच्याकडे गाडी नाही. पेट्रोल पंपावर १० किलोची पिशवी १० पौंडांना मिळते, ती नवरा पाठीला लावून आणतो. पंधरा दिवसांनी एक कोळशाची बोट जाते, तिच्याकडे २५ किलोचं पोतं १७ पौंड. गेल्या नऊ दिवसांत सहा पोती जळाली. १०२ पौंड! अजून थंडी सुरूच झालेली नाही म्हणतात. असंच चाललं तर भाडं काय वाईट होतं?

स्वस्त कुठे मिळतं? लाकूड की कोळसा? पोती की सुटा? कोणी बोटीवर राहिलंय का इथे?

सह्याद्रीचा_दगड | ११ नोव्हेंबर, रात्री ११.०५

इलेक्ट्रिक हीटर लावा. विषय संपला.

कालवाकाठची | ११ नोव्हेंबर, रात्री ११.१२

दादा, वीज टपावरच्या सोलर पॅनेलची. नोव्हेंबरात फोन चार्ज झाला तरी आरती ओवाळते.

मीरा_लीड्स | १२ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

किती छान! आमच्या घरामागून लीड्स-लिव्हरपूल कालवा जातो. धुराडी बघून नेहमी वाटायचं, आत कोण राहत असेल. मदत काही करू शकत नाही, पण लेंटिल सूप लागलं तर सांग. :)

वखारवाला | १२ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

आमची सांगलीला लाकडाची आणि कोळशाची वखार होती. वडील गेल्यावर बंद केली, आता पुण्यात असतो. बोटीतलं मला शष्प कळत नाही, पण सरपण कळतं. तीन गोष्टी सांगतो.

लाकूड वजनावर घेऊ नका. ओल्या लाकडात निम्मं पाणी असतं आणि तुम्ही पाण्याचे पैसे मोजता. लाकूड घ्यायचं ते ढिगाच्या मापाने. दोन ओंडके एकमेकांवर आपटून पाहा. सुकं लाकूड टणकन वाजतं, ओलं बद्द. टोकाला तारेसारख्या भेगा गेलेल्या दिसल्या की समजायचं सुकलंय.

कोळसा पावसात ठेवू नका. काय कोळसा आहे ते कळल्याशिवाय भाव विचारू नका.

आणि पोती स्वतः मोजून घ्या. स्वतः. हमाल मोजतोय, ट्रकवाला मोजतोय, असं नाही.

जुना_नावाडी | १२ नोव्हेंबर, दुपारी १.१५

बर्मिंगहॅमच्या कालव्यांवर नऊ वर्षं राहतोय. मूळचा डोंबिवलीचा. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे आपल्याला माहीत असलेला दगडी कोळसा विसरा. मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये घरगुती दगडी कोळसा पोत्यात विकायला बंदी आहे, मे २०२३ पासून सुटाही मिळत नाही. आता मिळतो तो बिनधुराचा, म्हणजे भुकटी दाबून केलेले अंड्याएवढे गोळे, नाहीतर अँथ्रासाइट, म्हणजे जवळजवळ धूर न करणारा कठीण नैसर्गिक कोळसा. ओल्या लाकडावरही तोच कायदा आहे. २ घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं तर त्यात २० टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालत नाही. पोत्यावर ‘रेडी टू बर्न’ची खूण बघून घ्या.

पोत्यांमध्येही जात असते. सगळ्यात स्वस्त पोत्यात बऱ्याचदा पेटकोक मिसळलेला असतो, म्हणजे तेल शुद्धीकरणातला गाळ. आग जबरदस्त, राख जवळजवळ शून्य. ऐकायला छान वाटतं, पण जाळीवर राखेचा थर राहत नसल्याने सगळी धग थेट जाळीला लागते. मी पहिल्या हिवाळ्यात पोत्यामागे तीन पौंड वाचवले आणि फेब्रुवारीत जाळी वितळून केळ्यासारखी वाकली. नवी जाळी बसवताना सगळी बचत गेली, वर शिव्या.

मिळतो कुठे? भावाच्या उतरत्या क्रमाने: पेट्रोल पंप आणि सुपरमार्केट, मग बोटयार्ड, मग कोळशाची बोट, मग गावातला कोळसा व्यापारी. व्यापारी घरपोच देतो, पण किमान वीसेक पोती घ्यावी लागतात. तुम्ही म्हणाल आम्हाला पत्ताच नाही. तुमचा पत्ता म्हणजे पूल. प्रत्येक पुलावर नंबराची पाटी असते. ‘अमुक नंबरचा पूल, पश्चिमेची बाजू, ट्रक उभा राहील एवढा रस्ता आहे’ एवढं सांगितलं की झालं. आसपासच्या तीनचार बोटी मिळून एक ट्रक मागवा. चाळीस पोती म्हणजे एक टन.

तरीही कोळशाच्या बोटीकडून अधूनमधून घेत जा. पोत्यामागे दोन पौंड जास्त पडतात, पण ती पोतं तुमच्या टपावर आणून ठेवते, डिझेल भरते, गॅसचं सिलिंडर बदलून देते, आणि मधल्या गावातली बातमीही सांगते. जानेवारीत बर्फात तिचीच गरज लागते, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून तिने फेरी बंद केली तर पंपावरची पिशवी पाठीवर घेऊन बसाल.

आता माझा प्रश्न. नऊ दिवसांत सहा पोती? ही शेगडी चोवीस तास पेटती ठेवली तरी कडाक्याच्या थंडीत माझं एक पोतं तीन दिवस जातं. तुमचं दीड दिवसात कसं संपतं? रात्री हवा पूर्ण बंद केल्यावर आग मंद होते का?

हिशेबनीस | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.००

धागा आवडला. किंमत पोत्यावर नाही, उष्णतेवर मोजा. ढोबळ आकडे देतो (एक युनिट म्हणजे विजेच्या बिलात असतं तेच, किलोवॅट-तास):

बिनधुराचा कोळसा किलोला ८ युनिट धरा. २५ किलोचं पोतं २०० युनिट. १७ पौंडांना म्हणजे युनिटला साडेआठ पेन्स.
तोच माल पंपावर १० किलोला १० पौंड, म्हणजे साडेबारा पेन्स.
सुकं लाकूड किलोला ४ युनिट. जाळीच्या पिशवीत ८ किलो, ७ पौंडांना मिळते असं धरलं तर जवळपास २२ पेन्स!
डिझेल लिटरला १० युनिट. सवलतीचं लाल डिझेल १.१० पौंडाला मिळालं तर ११ पेन्स.

यातली तीसएक टक्के उष्णता धुराड्यातून जाते ती वेगळी. पण क्रम कळतो. पंपावरची लाकडाची पिशवी म्हणजे शुद्ध चैन आहे.

सह्याद्रीचा_दगड | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२०

कालव्याच्या दोन्ही काठांना झाडीच झाडी असते, यूट्यूबवर बघितलंय. कुऱ्हाड घ्या, तोडा, जाळा. फुकटचं सरपण सोडून विकत घेणारे आपण एनआरआय.

जुना_नावाडी | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.०५

दगडसाहेब, उभं झाड तोडलंत तर फुकटात दंड मिळेल. जमीन कुणाची तरी असते, पडलेलं लाकूडही त्याचंच. कालव्याची देखभाल करणाऱ्या ट्रस्टचे ठेकेदार हिवाळ्यात फांद्या छाटतात, तेव्हा जाऊन विचारायचं. बहुतेक वेळा ‘घेऊन जा’ म्हणतात. ‘ॲश’ नावाच्या झाडाला इथे बुरशीचा रोग पडलाय (२०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला), ती झाडं सगळीकडे तोडताहेत. ॲश मिळालं तर सोडू नका, मुळातच कमी ओल असते. विलो आणि पॉप्लर कुणी दिलं तरी घेऊ नका. पाणी पिऊन बसलेलं असतं, पेटवलं की सुस्कारे टाकतं.

तरीही आज तोडलेलं लाकूड आज जाळायचं नसतं. वर्ष-दोन वर्षं सुकवावं लागतं, आणि ५७ फुटांत दोन वर्षांचं सरपण ठेवून राहणार कुठे? ओलं जाळलं तर बरीच आग पाणी उकळण्यातच जाते, आणि डांबर धुराड्यात बसतं. माझ्या एका शेजाऱ्याच्या टपावरून काळे ओघळ खिडकीपर्यंत आले होते. पॅलेटची (माल ठेवायच्या लाकडी चौकटींची) लाकडं चालतात, पण ‘एचटी’ शिक्का बघून, म्हणजे नुसती उष्णता दिलेली. ‘एमबी’ असेल तर हात लावू नका, ती औषध मारलेली. रंग दिलेली फळीही नको.

कालवाकाठची | १२ नोव्हेंबर, रात्री ९.४५

बापरे, इतकी उत्तरं! ऑफिसातून आल्यावर दोघांनी मोठ्याने वाचली.

@जुना_नावाडी, नाही होत मंद. हवेची चक्री पूर्ण आवळली तरी पहाटे तीनपर्यंत लालबुंद असते आणि पाचला राख. आम्हाला वाटलं बिडाची शेगडी म्हणजे अशीच असणार.

आणि हो, लाकूडही जाळतोय. ऑक्टोबरात काठावर मिळालेले ओंडके. कोळशावर एकेक ठेवतो, जरा टिकतं. सुस्कारे ऐकू येतात. :(

गंमत म्हणजे दिवाळीला लंडनला महाराष्ट्र मंडळात गेलो होतो, तिथे एका काकूंनी जवळ घेतलं आणि विचारलं, ‘काय गं, आत्ताच गावाहून आलीस का? चुलीचा वास येतोय.’ इतकं बरं वाटलं आणि इतकी लाज वाटली!

वारा फार येतो म्हणून छताचे दोन्ही झरोके टॉवेलने बंद केलेत, तरी थंडी काही कमी होत नाही.

डॉक्टर_खोकला | १२ नोव्हेंबर, रात्री ९.५२

टॉवेल काढा. आत्ता. उत्तर नंतर द्या.

डॉक्टर_खोकला | १२ नोव्हेंबर, रात्री १०.१०

काढलेत का? आता सांगतो. जळणाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, माणूस समजतो दमलोय आणि झोपतो. आपल्याकडे दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात, त्या याच. ते छतावरचे झरोके शोभेचे नाहीत, ते बंद करायचेच नाहीत. वारा येतो म्हणजे ते काम करताहेत.

अलार्म आहे का?

कालवाकाठची | १२ नोव्हेंबर, रात्री १०.१८

काढले टॉवेल. अलार्म आहे... सारखा चिवचिव करायचा म्हणून नवऱ्याने बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

डॉक्टर_खोकला | १२ नोव्हेंबर, रात्री १०.२१

नवऱ्याला फोन द्या.

जुना_नावाडी | १२ नोव्हेंबर, रात्री १०.४०

डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. एप्रिल २०१९ पासून राहत्या बोटींना तो अलार्म सक्तीचा आहे, दर चार वर्षांनी बोटीची तपासणी होते त्यात बघतात. चिवचिव म्हणजे बॅटरी संपली किंवा अलार्मचं आयुष्य संपलं, मागे तारीख असते. आज रात्री शेगडी विझू द्या, दोन रजया घ्या, उद्या नवा आणा. शेगडीपासून एक ते तीन मीटरवर, झोपल्यावर नाक असतं त्या उंचीला. राखेचंही तसंच. गरम राखेतूनही हाच वायू निघतो. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, बाहेर, दारापासून लांब.

आणि तुमचं पोतं कुठे जातंय ते मला बहुतेक कळलं. उद्या शेगडी थंड असताना एक करा. दारात कागदाची पट्टी धरा, दार बंद करून कडी लावा, आणि पट्टी ओढा. चारी बाजूंनी. अडकली पाहिजे, फाटली तरी चालेल. सुळकन निघून आली तर दाराची दोरी गेलीय.

दार आणि चौकट यांच्या मधे काचतंतूची दोरी असते. ती दबून कडक झाली की तिथून हवा आत शिरते. मग खालची चक्री कितीही आवळा, शेगडी आपली फटीतून श्वास घेत राहते. कोळसा भसाभस जळतो आणि तुम्ही व्यापाऱ्याला शिव्या देता.

लाकूड आणि कोळसा एकत्र तर अजिबात नको. लाकडातलं पाणी आणि कोळशातलं गंधक मिळून आम्ल तयार होतं, ते धुराड्याचा नळ खातं. शिवाय दोघांच्या सवयी वेगळ्या. कोळशाला हवा खालून लागते, म्हणून जाळी हलवून राख पाडायची. लाकडाला हवा वरून लागते आणि खाली राखेची गादी. एकाच पंगतीत दोघांना जेवायला बसवलं की दोघंही उपाशी.

वखारवाला | १३ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

हे वाचून आमच्या आजीची आठवण झाली. रात्री चूल आवरताना ती मोठा इंगळ राखेत पुरून ठेवायची. सकाळी वरची राख सारली, दोन काड्या ठेवल्या, फुंकणी मारली की पेटली. काडेपेटीला हात लावायची नाही. वखारीत पडलेली कोळशाची चुरी पण वाया जायची नाही, शेणात कालवून गोळे करायची आणि उन्हात वाळवायची, ते बंबात जायचे. साहेबाने तेच गोळे यंत्रात घालून १७ पौंडांना विकायला काढले म्हणायचे.

वाचनखुणा | १३ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

अवांतर, पण राहवत नाही. हे कालवे खणले तेच मुळी कोळसा स्वस्त व्हावा म्हणून! वर्स्लीच्या खाणीतून मँचेस्टरला जाणारा ब्रिजवॉटर कालवा १७६१ मध्ये सुरू झाला आणि मँचेस्टरमधला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग सगळा देश कालवे खणत सुटला. तुमच्या ग्रँड युनियनवर तर ॲथरस्टोनहून साउथहॉलच्या जॅमच्या कारखान्याला कोळसा नेणाऱ्या बोटी १९७० पर्यंत चालत होत्या. आणि २०१५ च्या डिसेंबरात यॉर्कशरमधली केलिंग्ली बंद झाली, ती देशातली कोळशाची शेवटची खोल खाण. आता त्याच पाण्यावर बसून तुम्ही कोळसा कुठे मिळेल विचारताय.

सह्याद्रीचा_दगड | १३ नोव्हेंबर, दुपारी १२.४५

साउथहॉल! तिथल्या जॅमपेक्षा जिलेबी बरी.

फौजी_कोल्हापूर | १३ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

श्रीनगरला पोस्टिंग होतं तेव्हा दल सरोवरातल्या हाउसबोटवाल्यांशी ओळख होती. तिथे पत्र्याची बुखारी असते, लाकडावर चालणारी. पण माणसं खरी तगतात कांगडीवर. वेताच्या टोपलीत मातीचं भांडं, त्यात निखारे, आणि ती फेरनच्या, म्हणजे काश्मिरी सैल झग्याच्या, आत. चिनारची पानं शरद ऋतूत जाळून त्यांचा कोळसा करून ठेवतात, आमचा एक मित्र पोतीच्या पोती भरायचा. त्याचं म्हणणं, अख्खी बोट तापवायची कशाला, माणूस तापवावा. ताईंनी कांगडी वापरावी असं अजिबात म्हणत नाही, डॉक्टर मला मारतील. गरम पाण्याची पिशवी घ्या.

कालवाकाठची | १३ नोव्हेंबर, रात्री ८.३०

नवा अलार्म लागला. नवरा डॉक्टरांना घाबरून आहे.

आणि कागद! चारी बाजूंनी सुळकन. वरच्या कोपऱ्यात तर पट्टी नुसती पडली, ओढायचीही गरज लागली नाही. दोरी म्हणून जे काही होतं ते नखाने खरवडल्यावर भुगा होऊन आलं. मागच्या मालकाने कधी बदलली असेल देव जाणे.

दोरी आणि चिकटवायचा सिमेंट मिळून साडेआठ पौंड. आज पूर्ण वाळू देतोय, उद्या पेटवू. आज गरम पाण्याच्या पिशव्या, फौजीसाहेबांच्या कृपेने.

हिशेबनीस | १३ नोव्हेंबर, रात्री ८.४१

साडेआठ पौंड म्हणजे अर्ध्या पोत्याची किंमत. आकडे कळवत राहा.

मीरा_लीड्स | १४ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

आम्ही पण आमच्या घरातल्या शेगडीला कागद लावून बघितला. दोन बाजूंनी निघाला. नवरा दोरी आणायला गेलाय.

कालवाकाठची | २१ नोव्हेंबर, रात्री ९.१०

आकडे हजर आहेत. सात दिवस, अडीच पोती. रात्री अकराला राख पाडायची, कडेपर्यंत गोळे भरायचे, दहा मिनिटं ताव येऊ द्यायचा, मग चक्री आवळायची. सकाळी साडेसहाला चक्री उघडली की वरचे गोळे काळे दिसतात पण खाली लाल. @वखारवाला, तुमच्या आजीचा इंगळ.

ओंडके सगळे टपावर, आडोशाला रचलेत. पुढच्या वर्षासाठी. काठावरच्या एका माणसाने ओल मोजायचं छोटं यंत्र उसनं दिलं. ओंडका फोडून आतल्या बाजूला टोचायचं म्हणाला, कारण बाहेरची साल खोटं बोलते. आकडा आला ३४. म्हणजे इतके दिवस मी पाणी उकळत होते.

एक प्रश्न राहिला. डिझेलचा हीटर बसवावा का? ऑनलाइन शंभरएक पौंडात मिळतात.

जुना_नावाडी | २१ नोव्हेंबर, रात्री १०.३०

अडीच पोती! आता बोलतोय.

डिझेल हीटर सकाळी पटकन ऊब यायला छान. पण त्याला पंखा आहे, पेटताना बॅटरी खेचतो, आणि डिसेंबरात तुमची वीज म्हणजे आरती. पंखा नसलेल्या, डिझेल ठिबकत जळणाऱ्या शेगड्याही असतात, बिनविजेच्या. त्या टिकतात, पण स्वस्त नसतात. शंभर पौंडवाला घेतलात तर त्याच्या धुराची नळी बोटीच्या बाहेर नीट, घट्ट काढलेली आहे ना, ते जाणकाराकडून बघून घ्या. डॉक्टर ऐकताहेत.

लाल डिझेल भरताना दुकानदार विचारेल, इंजिनाला किती आणि घराला किती. घरच्या वाट्याला कर कमी लागतो. बहुतेक जण ६०-४० सांगतात, ६० इंजिनाला. पण तुम्ही खरंच हीटर जास्त चालवत असाल तर खरा आकडा सांगा, सही तुमची असते.

आणि एक. हिवाळ्यात लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे कालव्यातले दरवाजे) दुरुस्तीला बंद होतात. त्यांच्या तारखा आधीच जाहीर होतात, त्या बघूनच मुक्काम ठरवा. दोन बंद लॉकच्या मधे अडकलात तर कोळशाची बोट तुमच्यापर्यंत येऊच शकत नाही. बर्फ पडला तरी तेच. नेहमी चार पोती शिल्लक.

खरा स्वस्त कोळसा मात्र आत्ता नाही, जुलै-ऑगस्टमध्ये मिळतो. व्यापाऱ्यांकडे गिऱ्हाईक नसतं, भाव पाडतात. घाम पुसत कोळसा विकत घ्यायला मन होत नाही, पण घ्यायचा.

कालवाकाठची | १९ जुलै, संध्याकाळी ७.२०

धागा वर काढतेय. कोणी आहे का जिवंत?

आज इथे ३१ अंश. काठावर लोक आइसक्रीम खात फिरताहेत आणि आम्ही चार बोटीवाले पुलाखाली कोळशाच्या ट्रकची वाट बघत. पोत्याला साडेतेरा पौंड पडलं, चाळीस पोती, आमची त्यातली पंधरा. एक छोटी मुलगी आईला विचारत होती, हे लोक उन्हाळ्यात आग का विकत घेतात.

आम्ही सगळी पोती उजव्या बाजूला ठेवली, कारण तिकडून चढवायला सोपं. मग आत गेलो तर बोट कललेली. वाटाणे टेबलावरून आपोआप चालू लागले. नवरा आंघोळ करत होता, पाणी मोरीकडे जायच्या ऐवजी पलंगाकडे.

जुना_नावाडी | १९ जुलै, संध्याकाळी ७.४४

पंधरा पोती म्हणजे पावणेचारशे किलो, कलणारच! निम्मी पुढच्या उघड्या भागात, बाकीची दोन्ही कुशींना सारखी. टपावर ठेवू नका. पोत्यांना भोकं असतात, पाणी आत जातं आणि खाली रंग सडतो.

हिशेबनीस | १९ जुलै, रात्री ८.०२

साडेतेरा पौंड, २०० युनिट. पावणेसात पेन्स. माझ्या पुण्यातल्या गिझरला सांगतो.

वखारवाला | १९ जुलै, रात्री ८.३०

वा! पोत्यांखाली फळ्या घाला, थेट जमिनीला टेकवू नका. वरून ताडपत्री, पण बाजूने वारा खेळू द्या.

आणि ताई, पोती मोजून घेतलीत ना? स्वतः?

कालवाकाठची | १९ जुलै, रात्री ८.५१

ट्रकवाल्याने मोजली होती. थांबा, बाकीच्या बोटींना विचारते.

कालवाकाठची | १९ जुलै, रात्री ९.१५

एकोणचाळीस.